‘सोडवणे’ : एका शब्दाचा अभ्यास

भाविक वाचकहो, देवापुढे हात जोडले की आपल्या तोंडून जे शब्द वारंवार निघतात, त्यांत ‘सोडव’ हा फार जुना शब्द आहे. “पांडुरंगा, यातून सोडव रे बाबा,” हे कोणी कोणाला शिकवावे लागत नाही. ज्याला अक्षराची ओळख नाही तोही म्हणतो, आणि ज्याने सगळी शास्त्रे उलथीपालथी केली तोही संकट आले की हेच म्हणतो. पण गंमत अशी की हाच शब्द आपण बाजारात, पतपेढीत, कोर्टात आणि पोराच्या अभ्यासाच्या वहीपाशीही वापरतो. बाईने गहाण पडलेल्या पाटल्या सोडवल्या, मुलाने गणित सोडवले, पंचांनी भांडण सोडवले, वकिलाने आरोपीला जामिनावर सोडवले. देवापुढचा शब्द आणि सावकारापुढचा शब्द एकच कसा? हा योगायोग आहे, की यात काही वर्म आहे? त्या वर्माचा विचार या पाठात करू. शब्दाचे सगळे अर्थ एकापुढे एक मांडून पाहिले, तर परमार्थही कळतो आणि प्रपंचात कसे वागावे हेही कळते.

तीन भावंडे

प्रथम थोडे व्याकरण पाहू. कंटाळू नका, पुढे याचाच उपयोग आहे. सुटणे, सोडणे आणि सोडवणे ही एकाच घरची तीन क्रियापदे. हिंदीत छूटना, छोड़ना, छुड़ाना म्हणतात, तसेच हे.

‘सुटणे’ हे आपोआप होते. शाळा सुटते, गाडी सुटते, वारा सुटतो, तोंडाला पाणी सुटते. ‘सोडणे’ हे कर्ता स्वतः करतो. त्याच्या मुठीत काही असते आणि तो मूठ उघडतो. उपास सोडतो, गाव सोडतो, दान करताना पळीभर उदक सोडतो. उदक सोडले की त्या वस्तूवरची आपली मालकी संपली. म्हणूनच गेलेल्या वस्तूची आशा टाकणे याला ‘तिच्यावर पाणी सोडणे’ म्हणतात.

‘सोडवणे’ मात्र निराळे. येथे तिघे लागतात. एक अडकलेला, दुसरा अडकवून धरणारा, आणि तिसरा येऊन त्याला मोकळा करणारा. धरणारा कधी माणूस असतो, कधी जनावर, कधी नुसती गाठ. पण सोडवणारा आल्यावाचून ‘सोडवणे’ हे क्रियापद उभेच राहत नाही. हे ध्यानात ठेवा.

शास्त्रातले दोन दृष्टांत येथे शेजारी ठेवून पाहावेत. पहिला शुकनलिकेचा. पोपट फिरत्या नळीवर बसतो, नळी उलटी होते, आणि पडेन या भीतीने तो तीच घट्ट धरून लटकतो. त्याला कोणीच बांधलेले नाही. त्याने नुसते सोडायचे आहे. दुसरा गजेंद्राचा. भागवताच्या आठव्या स्कंधात ही कथा आहे. त्याचा पाय मगरीच्या तोंडात आहे; त्याने कितीही सोडायचे म्हटले तरी काय सोडणार? तेथे हरीनेच येऊन सोडवावे लागले. आपली काही बंधने पोपटाची असतात, काही गजेंद्राची. व्यसन, वैर, मानपानाची हौस ही पोपटाची बंधने. दुष्काळ, दुखणे आणि कर्ज ही पुष्कळ वेळा गजेंद्राची. गजेंद्राला “अरे, सोडून दे की!” असा उपदेश करणारा मनुष्य शहाणा नव्हे.

प्रपंचातले अर्थ

आता रोजच्या वापरातले अर्थ घेऊ. प्रत्येकात वेगळी शिकवण आहे.

पहिला, गुंता सोडवणे. सुताचा, दोराचा, केसांचा गुंता. हे काम घाईचे नव्हे. घाईने कात्री लावली तर गुंता जातो खरा, पण दोराही जातो. तोडले म्हणजे सोडवले नव्हे. या अर्थात ‘राखणे’ आहे. जे अडकले आहे ते शाबूत बाहेर यायला पाहिजे.

दुसरा, गणित किंवा कोडे सोडवणे. उत्तर बाहेरून आणावे लागत नाही. दिलेल्या आकड्यांतच ते दडलेले असते. सोडवणारा ते उघडे करतो, एवढेच.

तिसरा, भांडण सोडवणे. दोघांपैकी एकाला हरवणे हे भांडण सोडवणे नव्हे, ती बाजू घेणे झाली. सोडवणारा दोघांनाही रागाच्या हातून सोडवतो, आणि बहुधा एखादा फटका स्वतः खातो. भांडण सोडवायला गेलेल्याचा सदरा फाटतो, हे आपण पाहिलेलेच आहे.

चौथा, कोंडवाड्यातून जनावर सोडवणे. गाय दुसऱ्याच्या पिकात शिरली, धरून कोंडवाड्यात नेली. मालक दंड भरतो आणि घेऊन येतो. आता विचारा, त्याने गाय विकत घेतली काय? नाही. गाय त्याचीच होती. कोंडवाड्यात असतानाही त्याचीच होती. पैसे भरले ते गाईची किंमत म्हणून नव्हेत, तिच्या सुटकेसाठी. रेल्वेने आलेले पार्सल पावती दाखवून सोडवतो, तिथेही हेच. माल आपलाच, फक्त दुसऱ्याच्या ताब्यात.

या चौथ्या अर्थातच सगळे वर्म आहे. विकत घेतो ती दुसऱ्याची वस्तू. सोडवतो ती आपली.

गहाण, ग्रहण आणि मोक्ष

याच अर्थाचे मोठे रूप म्हणजे गहाण सोडवणे. ‘गहाण’ हा शब्द संस्कृत ‘ग्रहण’ यापासून आला. ग्रहण म्हणजे धरणे. चंद्रसूर्यांना लागते तेही ग्रहणच. पंचांग उघडून बघा, ग्रहणाच्या वेळा देताना स्पर्श, मध्य आणि मोक्ष असे शब्द असतात. ग्रहण संपते त्या क्षणाला ज्योतिषात ‘मोक्ष’च म्हणतात! आणि खेड्यात त्या वेळी “दे दान, सुटे गिराण” अशी हाक घालतात. म्हणजे गहाण, गिराण आणि मोक्ष हे शब्द आपल्या लोकांनी एका ठिकाणी आणून बसवले आहेत. शिवाय यातले शास्त्रही पाहा. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने सांगून ठेवले की ग्रहण हा छायेचा खेळ आहे. चंद्राला कोणी गिळत नाही; पृथ्वीची सावली त्याच्यावर येते आणि जाते. मोक्षाच्या वेळी चंद्राला नवे तेज मिळत नाही. होते तेच दिसू लागते.

आता धर्मशास्त्राकडे येऊ. संस्कृतात गहाणाला ‘आधि’ म्हणतात. मनाच्या दुःखालाही आधिच म्हणतात. आधिव्याधी या जोडशब्दातला आधि तो हाच. ज्याने घरातले मंगळसूत्र ठेवून बियाणे आणले आहे, त्याला हे दोन अर्थ एकत्र का आले ते समजावून सांगायला नको.

याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात गहाणाचे नियम आहेत. तेथे गहाण सोडवण्यासाठी जो धातू वापरला आहे तो ‘मुच्’. ज्यापासून मोक्ष, मुक्ती, मोचन हे शब्द झाले, तोच. नियम असा की व्याज वाढून रक्कम दुप्पट झाली आणि तोवर सोडवले नाही, तर ते गहाण बुडते. मुदत ठरवून ठेवलेले गहाण मुदत सरताच बुडते. परंतु तिसरा एक प्रकार आहे, त्याला ‘फलभोग्य’ म्हटले आहे. ज्यात सावकार वस्तूचे फळ खात राहतो, म्हणजे शेत गहाण घेऊन त्याचे पीक घरी नेतो, ते गहाण कधीही बुडत नाही. कितीही वर्षे लोटली तरी मूळ मालकाची मालकी कायम. आणखी एक नियम असा की दैवाने किंवा राजाच्या कृत्याने नुकसान झाले तर गोष्ट निराळी. एरवी घेणाऱ्याकडून गहाण हरवले वा नासले, तर त्याने ते भरून दिले पाहिजे. वस्तू सांभाळणे हे त्याचे काम, गिळणे नव्हे.

आता दार्ष्टांतिक पाहा. हा जीव संसाराकडे गहाण पडलेला आहे. आपले डोळे, कान, हात, आयुष्य यांचे पीक संसार रोज खातो आहे. म्हणजे हे गहाण फलभोग्य झाले! आणि फलभोग्य गहाण बुडत नाही असा शास्त्राचा निकाल. जीव कितीही जन्म अडकून राहिला तरी त्याच्यावरची मालकी धन्याचीच, पांडुरंगाचीच. जीव गहाण आहे, विकलेला नाही. म्हणून आपण देवाला “मला विकत घे” म्हणत नाही, “सोडव” म्हणतो. आपल्या अडाणी आजीने ही सूक्ष्म गोष्ट बरोबर ओळखली होती.

आजचा कायदाही फार दूर नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. त्याच्या ६० व्या कलमाप्रमाणे मुद्दल देय झाल्यावर पैसे भरून आपली मिळकत परत मागण्याचा हक्क गहाण ठेवणाराला आहे, आणि तो हक्क मारून टाकणारी अट करारात घातली तर न्यायालये ती मानत नाहीत. कायद्याच्या मराठीत या सोडवण्याला ‘विमोचन’ म्हणतात. (ग्रंथाचे विमोचन करतात तेही हेच, फडक्यात बांधलेले पुस्तक मोकळे करायचे.) स्थावर मिळकतीचे गहाण सोडवण्याच्या दाव्याला पूर्वी साठ वर्षांची मुदत होती, १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने ती तीस वर्षे केली. माणसाच्या कायद्यात तीस वर्षे मिळतात. देवाच्या वहीत मुदतीचा रकानाच नाही.

तारण, उद्धार आणि निष्क्रय

मराठीत गहाण वस्तूला ‘तारण’ असेही म्हणतो. तॄ म्हणजे तरून जाणे. देव आपल्याला तारतो म्हणून तो तारणहार. आणि पाटल्या सावकाराला बुडण्यापासून वाचवतात म्हणून त्या तारण! एका बाजूला गेलेली वस्तू दुसऱ्या बाजूला आधार होते. आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळद, सोयाबीन, तूर पिकते. सुगीत भाव पडलेला असतो आणि देणे दारात उभे असते. अशा वेळी बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्यावर कर्ज घ्यायची शेतमाल तारण योजना राज्याच्या कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून चालवली आहे. भाव आल्यावर माल सोडवून विकायचा. तारण हा शब्द दोन्ही अर्थांनी खरा होतो तो असा.

‘उद्धार’ शब्दाचे नशीब तर याहून चमत्कारिक. उद् म्हणजे वर. खाली गेलेले वर काढणे तो उद्धार. पण संस्कृतात उद्धार म्हणजे कर्जही, आणि आपला ‘उधार’ शब्द त्यातूनच आला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात थोरल्या भावाला वाटणीआधी जो विसावा भाग काढून ठेवायचा, त्यालाही उद्धारच म्हटले आहे. पुस्तकातून वेचून काढलेले वाक्य म्हणजे उद्धरण. आणि भांडणात तर काय, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो! तरी मूळ अर्थ सुटलेला नाही. औंढा नागनाथाच्या देवळाचा अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला असे आपण म्हणतो, तेव्हा देव नवा बसवला असे म्हणत नाही. लिंग तेच होते, स्थान तेच होते. पडझडीतून वर काढले.

तिसरा शब्द ‘निष्क्रय’. सोडवून घेण्यासाठी दिलेले मोल तो निष्क्रय. कार्यात गोदानाचा प्रसंग आला आणि गाय नसली की गुरुजी तिच्या जागी द्रव्य ठेवायला सांगतात, ते निष्क्रयद्रव्य. या शब्दामागे ऐतरेय ब्राह्मणातली शुनःशेपाची कथा आहे. हरिश्चंद्र राजाने मुलगा झाला तर तो वरुणाला अर्पण करीन असे कबूल केले, आणि मुलगा झाल्यावर आज-उद्या करत राहिला. मुलगा रोहित मोठा झाल्यावर रानात निघून गेला. राजाला जलोदर झाला. रानात रोहिताला अजीगर्त नावाचा उपाशी ब्राह्मण भेटला. त्याचे तीन मुलगे. शंभर गाई घे आणि यातला एक दे, त्याच्यावर मी स्वतःला सोडवीन, असे रोहित म्हणाला. बापाने थोरला दिला नाही, आईने धाकटा दिला नाही. मधला शुनःशेप विकला गेला. यज्ञात त्याला खांबाला बांधायला कोणी पुढे येईना, तेव्हा बापानेच आणखी शंभर गाई घेऊन त्याला बांधले, आणि आणखी शंभर घेऊन मारायलाही उभा राहिला! पोराने एकेका देवाची स्तुती आरंभली. शेवटी एकेक पाश गळून पडला, आणि तिकडे राजाचे पोटही उतरले. वरुणाने एक कवडी घेतली नाही.

या कथेत तीनशे गाई गेल्या आणि कोणीच सुटले नाही. दुसऱ्याच्या लेकराच्या गळ्यात दोर अडकवून स्वतःला सोडवणे हा निष्क्रय देवाला पोचत नाही. सुटका झाली ती ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याच्या हाकेने. आणि ती हाक मारणारा सुटला तेव्हा राजाही सुटला.

संतांच्या घरची उदाहरणे

हिंगोलीपासून जवळ, कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. नामदेवरायांचे जन्मस्थान म्हणून आपण तेथे मस्तक ठेवतो. त्यांची एक कथा सर्वश्रुत आहे. वडिलांनी कापड विकायला बाजारात पाठवले. नामदेवांनी ते उघड्यावर पडलेल्या दगडांना उधारीवर दिले, आणि एक धोंडा जामीन म्हणून घरी आणून कोंडून ठेवला. मुदत भरल्यावर पाहतात तो धोंड्याचे सोने झालेले! लोक चमत्कार ऐकून माना डोलावतात. पण व्यवहाराच्या भाषेत पाहा. कर्जात ऋणको असतो, धनको असतो आणि जामीन असतो. जामीन म्हणजे वेळ आली तर मी भरीन असे म्हणणारा. नामदेवांनी कुणाला जामीन धरले? ज्याला जग धोंडा म्हणते त्यातल्या देवाला. आणि तो जामीन उलटला नाही.

पुढे ह्याच नामदेवांना गोरोबाकाकांनी संतमेळ्यात कच्चे मडके ठरवले. देव त्यांच्याशी बोलत होता, जेवत होता, तरी एक गाठ आत राहिली होती. देव पंढरीतच आहे, ही ती गाठ. औंढ्याची परंपरा सांगते की नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तेथे पिंड! गुरूने नवा देव दिला नाही. होता तोच देव, फक्त गाठ सोडवली. गणिताचे उत्तर गणितातच होते.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाचे कोठार लोकांसाठी उघडले, आणि बादशहाने त्यांना धरून आणायला शिपाई पाठवले. पांडुरंग विठू महार होऊन दरबारी गेला, धान्याचे पैसे भरले, पावती घेतली. आपण टाळ्या वाजवतो त्या या ठिकाणी. पण क्रम विसरू नका. देवाने दामाजीला सोडवले हे मागून झाले. दामाजीने उपाशी माणसांना काळाच्या तोंडातून सोडवले हे आधी झाले. आणि देहूच्या तुकोबारायांनी काय केले? वडिलार्जित सावकारीतली लोकांची कर्जखते भावाबरोबर निम्मी वाटली, आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. ‘सोडव’ म्हणून विठ्ठलाला हाक मारण्याआधी त्यांनी आपल्या मुठीतले ऋणको सोडले.

राहता राहिला तुलाभार. सत्यभामेने श्रीकृष्णाचे नारदाला दान केले, उदक सोडले! मालकी गेली. आता परत पाहिजे तर भारंभार सोने द्या म्हणाले नारद. दागिन्यांचे ढीग घातले, पारडे हलेना. शेवटी रुक्मिणीने तुळशीचे एक पान ठेवले आणि देव सुटले. म्हणजे प्रसंग आला तेव्हा देवालाही सोडवावे लागले, आणि त्याचा निष्क्रय काय, तर एक पान! तीच तुळस मणी होऊन आपल्या गळ्यात आहे. माळकरी म्हणवतो त्याने कधीतरी एकांतात हे आठवावे.

एक शंका

येथे शंका येते. कोणी म्हणेल, महाराज, माणूस मेला की आम्ही म्हणतो ‘सुटला बिचारा’. मग मरण हेच सोडवणे नव्हे काय?

ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. आमच्या मराठवाड्यात कर्जापायी जीव देणाऱ्या शेतकऱ्यांच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत, आणि अशा घरी भेटायला गेलेले लोकही ओसरीवर बसून ‘सुटला’ म्हणतात. सज्जनहो, म्हाताऱ्या, जराजर्जर माणसाला तो शब्द दुःखाने लावला तर समजू शकते. पण तरण्या, कर्जाने गांजलेल्या माणसाला हा शब्द लावू नका. त्याचा अर्थ तपासा.

सुटले कोण? देणे तसेच राहिले, ते मागच्या मिळकतीवर बसले. शेत गहाणच राहिले. बायको आणि लेकरे त्या कोंडवाड्यात नव्याने कोंडली गेली. दोरा तोडला; गुंता सुटला नाही. शिवाय वर सिद्ध केले की जीव ही आपली मालकीची वस्तू नाही, धन्याची आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ असताना ती नासवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? कर्ज पैशाचे असते. पैशाचे देणे पैशाने फिटते, थोडे थोडे फिटते, न फिटले तर तडजोडीने मिटते. त्याचा निष्क्रय म्हणून जीव मागायचा हक्क ना सावकाराला आहे, ना बँकेला, ना आपल्या मनाला.

पण हा उपदेश नुसता त्या माणसाला करून आपण मोकळे होऊ नये. त्याचे बंधन गजेंद्राचे आहे. त्याला तिसरा माणूस पाहिजे. ‘सोडवणे’ या क्रियापदाला तिघे लागतात असे आरंभी म्हटले ते यासाठीच. गावात भजनी मंडळ आहे, दिंडी आहे, सप्ताह आहे, आणि तरी माणूस एकटा पडून मरतो, तर आपण रोज कोणते नाम घेतो याचा विचार आपणच केला पाहिजे.

आचरण

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

जो गप्प गप्प राहू लागला, पारावर येईना, हरिपाठाला येईना, त्याच्या घरी जा. “काय देणं झालंय ते सांग, आपण कागदावर मांडू,” एवढे म्हणा. गणित मांडले की निम्मे सुटते. मन फारच खचले असेल तर दवाखान्यात घेऊन जा. लाज कसली त्यात? शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, तिला पैसे पडत नाहीत.

कर्ज काढायचेच झाले तर गहाण आणि खरेदी यांतला भेद विसरू नका. ‘नुसते नावाला खरेदीखत करू, पैसे दिलेस की शेत परत’ असे तोंडी बोलून सही घेतात, आणि गहाणाची विक्री होऊन बसते. कागदात लिहिले असेल तेच खरे. जी जमीन बेकायदा सावकारीत अशी गेली आहे, तिच्यासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ आहे. सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो; सावकारीच्या व्यवहारात जमीन गेली असे चौकशीत ठरले तर ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देववण्याचा अधिकार त्यांना आहे. अर्ज कसा लिहावा हे ज्याला येते, त्याने शेजाऱ्याला लिहून द्यावा. तेही कीर्तनच आहे.

लग्नाच्या मांडवासाठी आणि मोठ्या पंगतीसाठी शेत ठेवू नका. देवाला पंगतीची संख्या मोजायची सवय नाही. सप्ताह करणाऱ्यांनीही विचार करावा. एका दिवसाच्या पंगतीतले दोन पदार्थ कमी करून गावातल्या एका विधवेच्या पाटल्या सोडवल्या, तर तो सप्ताह उणा पडेल काय? तुळशीच्या पानाने पारडे हलले होते, तेव्हा पदार्थ मोजले नव्हते.

आणि ज्यांच्याकडे दुसऱ्याचे काही अडकून आहे, त्यांनाही दोन शब्द. आपल्यातही देवघेव करणारे आहेत. उसने देऊन आपले मुद्दल मागणे यात दोष नाही; कोणीतरी दिले म्हणून पेरणी झाली हेही खरे. परंतु मुद्दल फिटले, व्याज फिटले, आणि तरी शेजाऱ्याचा बांध दाबून धरला असेल, तर गळ्यातली माळ आणि हातातला कागद यांपैकी एकच ठेवता येईल. व्याज मुद्दलापेक्षा वाढू नये हा दामदुपटीचा नियम आपल्याच धर्मशास्त्राचा आहे. दुसऱ्याचे धरून ठेवायचे आणि स्वतःसाठी देवाला ‘सोडव’ म्हणायचे, हे शुनःशेपाच्या बापासारखे झाले.

तात्पर्य

सोडवणे म्हणजे तोडणे नव्हे, विकत घेणे नव्हे, टाकून देणेही नव्हे. जे ज्याचे आहे ते शाबूत त्याच्या घरी परत पोचवणे, हा या शब्दाचा गाभा. दागिना बाईच्या हातात परत, शेत कुणब्याकडे परत, गाय गोठ्यात परत, जीव देवाकडे परत.

आमच्या जिल्ह्यातल्या वारकऱ्यांना हे निराळे सांगायला नको. आषाढी करून पंढरीहून माघारी आलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला नरसीला जातात, नामदेवरायांचे दर्शन घेतात, तेव्हा त्यांची वारी पुरी होते. तिला आपण ‘परतवारी’ म्हणतो. यंदाच्या परतवारीला कयाधूच्या काठी उभे राहाल तेव्हा प्रत्येकाने मनाशी दोन प्रश्न विचारावेत. माझ्या हातून कोणाचे काय सुटायचे राहिले आहे? आणि माझ्या गावात कोण अडकून पडला आहे, ज्याला तिसरा माणूस अजून भेटलेला नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे घेऊन जो घरी परतला, त्याची ‘सोडव’ ही हाक पांडुरंगापर्यंत पोचायला वेळ लागणार नाही.

रामकृष्णहरि!